रेषा, वर्तुळ आणि प्रतल यांचा छेद: आधी अंतर, मग समीकरण

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. कागदावरच्या दोन रेषा सहसा एका बिंदूत छेदतात, रेषा आणि वर्तुळ दोन बिंदूंत छेदतात, दोन प्रतले एका संपूर्ण रेषेत छेदतात आणि अवकाशातील दोन रेषा मात्र बहुधा भेटतच नाहीत. या सगळ्यांना लागू पडणारा एखादा नियम आहे का? शिवाय समीकरणे सोडवताना कधी वर्गमुळाखाली ऋण संख्या येते, कधी ० = ० उरते, तर कधी ० = १ असे अशक्य विधान समोर येते; आकृतीत त्याचा अर्थ काय होतो?

अनेक वर्षे भूमिती शिकवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, या विषयातील बहुतेक गोंधळ दोन वेगळे प्रश्न एकत्र केल्यामुळे होतो. छेद कोणत्या जातीचा असेल, म्हणजे बिंदू मिळेल की रेषा की वर्तुळ, हा पहिला प्रश्न असून त्याचे उत्तर मितींवरून मिळते. छेद खरोखर आहे का आणि असल्यास किती बिंदूंत, हा दुसरा प्रश्न असून त्याचे उत्तर अंतरावरून मिळते. विद्यार्थी बहुधा या दोन्हींना वळसा घालून थेट समीकरणांकडे धावतात आणि मग वर्गमुळाखालच्या ऋण चिन्हापाशी अडखळतात.

प्रथम मितींचा विचार करू. रेषेवर आणि वर्तुळावर सरकण्यासाठी एकच मार्ग असतो, म्हणून ती एकमितीय. प्रतल आणि गोलाचे पृष्ठ द्विमितीय. ज्या अवकाशात दोन आकृत्या ठेवल्या आहेत त्याची मिती दोन्ही आकृत्यांच्या मितींच्या बेरजेतून वजा केली, तर सामान्य स्थितीतील छेदाची मिती मिळते. कागदावर दोन रेषा असतील तर १ + १ − २ = ०, म्हणजे छेद सुट्या बिंदूंचा. अवकाशात दोन प्रतले असतील तर २ + २ − ३ = १, म्हणजे रेषा. रेषा आणि प्रतल यांचे १ + २ − ३ = ०, म्हणजे बिंदू. अवकाशातील दोन रेषांसाठी १ + १ − ३ करता −१ येतो, आणि या ऋण उत्तराचा अर्थ इतकाच की भेट होणे हा अपवाद आहे, नियम नव्हे. अवकाशातील दोन वर्तुळांनाही हेच लागू आहे. चार मितींच्या अवकाशात दोन प्रतले एकाच बिंदूत छेदू शकतात हेही याच हिशेबातून निघते, मग डोळ्यांसमोर तसे चित्र उभे राहो वा न राहो.

या नियमातील ‘सामान्य स्थिती’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. समांतर रेषा, समांतर प्रतले, एकमेकांवर तंतोतंत बसणाऱ्या आकृत्या हे अपवाद नियम सांगत नाही. ते आपणच तपासावे लागतात. आपल्या ० = ० आणि ० = १ या दोन्ही अनुभवांचे मूळ या अपवादांत आहे आणि तीन प्रतलांच्या उदाहरणात ते सर्वांत स्पष्ट दिसते.

अवकाशातील सहनिर्देशक क्ष, य, झ मानू. क्ष + य + झ = ६ आणि क्ष − य + झ = २ ही दोन प्रतले घ्या. वजाबाकी केल्यास य = २ मिळते आणि परत ठेवल्यास क्ष + झ = ४ मिळते; ही दोन विधाने मिळून एक रेषा झाली, म्हणजे नियमाप्रमाणे दोन प्रतलांचा छेद रेषेत मिळाला. आता तिसरे प्रतल क्ष − झ = ० घेतले, तर ते या रेषेला (२, २, २) या एका बिंदूत छेदते. तिसरे प्रतल क्ष + झ = ४ घेतले, तर संपूर्ण रेषाच त्यात सामावलेली आहे; तिसऱ्या समीकरणाने नवी माहिती काहीच दिली नाही आणि म्हणून ० = ० उरते. तिसरे प्रतल क्ष + झ = ५ घेतले, तर ते त्या रेषेला समांतर राहते आणि गणित ० = १ म्हणते. येथे अनेकांची एक चूक होते. ० = १ आले की ते ‘प्रतले समांतर आहेत’ असे लिहून मोकळे होतात, परंतु या उदाहरणातील कोणतीही दोन प्रतले समांतर नाहीत. प्रत्येक जोडी एका रेषेत छेदते, त्या तीन रेषा परस्परांना समांतर असतात आणि तीन प्रतलांमध्ये त्रिकोणी बोगद्यासारखी जागा अडकते. वहीच्या तीन पुठ्ठ्यांचा तंबू उभा करून पाहिल्यास हे क्षणात पटते.

थोडक्यात, ० = ० म्हणजे ‘एक अट अनावश्यक होती’ आणि ० = १ म्हणजे ‘अटी परस्परविरोधी आहेत’. दोन्हींत प्रतलांच्या अभिलंब दिशा, म्हणजे प्रतलांना लंब असलेल्या दिशा, परस्परांवर अवलंबून असतात, म्हणजेच सहगुणकांचा निश्चयक (त्यांच्या चौकटीतून काढली जाणारी एक संख्या) शून्य असतो. फरक केवळ उजव्या बाजूच्या संख्यांनी पडतो.

रेषा आणि प्रतल यांच्या छेदाबाबत फारसे सांगण्यासारखे नाही. रेषेवरचा एक बिंदू आणि तिची दिशा घ्यावी, त्या दिशेने किती पटींनी सरकलो म्हणजे प्रतलाचे समीकरण पूर्ण होते ते काढावे. (१, २, ३) या बिंदूतून (२, −१, २) या दिशेने जाणारी रेषा आणि क्ष + २य + २झ = १९ हे प्रतल घेतले, तर आरंभबिंदूवर डाव्या बाजूची किंमत ११ आहे आणि प्रत्येक पावलाला ती ४ ने वाढते; म्हणून दोन पावलांत आपण १९ वर, म्हणजे (५, ०, ७) या बिंदूवर पोहोचतो. पावलागणिक होणारी वाढ शून्य असेल तर रेषा प्रतलाला समांतर असते किंवा प्रतलातच असते.

आता वर्तुळाकडे वळू, कारण अंतराचा खरा उपयोग तेथे दिसतो. क्ष² + य² = २५ हे वर्तुळ आणि ३क्ष + ४य = १५ ही रेषा घ्या. य ची किंमत काढून वर्गसमीकरण मांडता येईल, पण ते करण्याआधी केंद्रापासून रेषेवर लंब टाका. त्याची लांबी १५ भागिले √(९ + १६), म्हणजे ३ आहे. त्रिज्या ५ असल्याने रेषा वर्तुळाला दोन बिंदूंत छेदणार हे आत्ताच ठरले. शिवाय पायथागोरसच्या प्रमेयाने जीवेची अर्धी लांबी ४ आहे हेही कळले. लंबपाद (९/५, १२/५) येथे आहे. तेथून रेषेच्या दिशेने दोन्ही बाजूंना ४ एकक सरकलो की (५, ०) आणि (−७/५, २४/५) हे छेदनबिंदू मिळतात. उजवीकडे १५ ऐवजी २५ लिहा: अंतर ५ होते, रेषा (३, ४) या बिंदूत स्पर्श करते. ३० लिहा: अंतर ६ होते आणि रेषा वर्तुळाबाहेरून निघून जाते. वर्गसमीकरणाचा विवेचक (उकलीत वर्गमुळाखाली येणारी राशी) धन, शून्य किंवा ऋण असणे म्हणजे त्रिज्येचा वर्ग वजा अंतराचा वर्ग ही राशी धन, शून्य किंवा ऋण असणे. वर्गमुळाखालच्या ऋण संख्येला घाबरण्याचे कारण नाही. रेषा वर्तुळापासून किती दूर राहिली त्याचे ते माप आहे.

स्पर्शाच्या स्थितीबद्दल थोडे अधिक लिहिणे आवश्यक वाटते, कारण प्रत्यक्ष मोजणीत आणि संगणकावरील गणितात सर्वाधिक चुका येथेच होतात. त्रिज्या ५ आणि अंतर ४.९९९ असेल, तर जीवेची अर्धी लांबी √०.००९९९९, म्हणजे जवळजवळ ०.१ येते. अंतरात केवळ ०.००१ इतका फरक आणि त्यातून ०.२ लांबीची जीवा. चूक दोनशेपट झाली. स्पर्शाच्या अगदी जवळ वर्तुळ आणि रेषा इतकी लगटून चालतात की, ती नेमकी कोठे वेगळी झाली हे सांगणे कठीण होते. जवळजवळ समांतर रेषांचेही तसेच आहे: दोन रेषांमधील कोन १° असेल आणि त्यांतील एक रेषा स्वतःला समांतर अशी १ मिलिमीटर सरकली, तर छेदनबिंदू सुमारे ५७ मिलिमीटर सरकतो. म्हणून आकृती काढून बिंदू ठरवायचा असेल तेव्हा शक्यतो काटकोनाच्या जवळपास छेदणाऱ्या रेषा निवडाव्यात, आणि संगणकाकडून ‘स्पर्श आहे का’ याचे उत्तर हवे असेल तर अंतर व त्रिज्या ‘अगदी समान’ आहेत का असे न विचारता, त्यांतील फरक ठरवलेल्या मर्यादेपेक्षा कमी आहे का असे विचारावे.

दोन वर्तुळांच्या छेदात नवी अडचण दिसते: दोन्ही समीकरणे वर्गांची असतात. ती सुटते फक्त वजाबाकीने. दोन्ही समीकरणांत क्ष² + य² सारखेच असल्याने वजाबाकीत ते नाहीसे होते आणि एका रेषेचे समीकरण उरते. वर्तुळे छेदत असतील तर ही त्यांच्या सामाईक जीवेची रेषा असते, आणि प्रश्न पुन्हा ‘रेषा आणि वर्तुळ’ असा होतो. एटिएन बेझू यांच्या १७७९ मधील प्रमेयानुसार दोन द्विघाती वक्रांचे चार छेदनबिंदू मोजता यायला हवेत, मग वर्तुळांचे दोनच का, असा प्रश्न चिकित्सक विद्यार्थी हमखास विचारतो. उरलेले दोन बिंदू काल्पनिक सहनिर्देशकांचे आणि अनंतावरचे असून प्रतलातील सर्व वर्तुळांना ते सामाईक असतात, हे पाँसले यांनी १८२२ मध्ये मांडले. वजाबाकीत वर्गपदे नाहीशी होतात ती याच कारणाने.

१३ आणि १५ त्रिज्यांची दोन वर्तुळे घ्या आणि केंद्रांतील अंतर १४ ठेवा. पहिले केंद्र मूळबिंदूवर मानून वजाबाकी केली की क्ष = (१९६ + १६९ − २२५) ÷ २८ = ५ ही रेषा मिळते; तिच्यावर य = ±१२, म्हणजे सामाईक जीवा २४ एकक लांबीची. केंद्रांतील अंतर २८ झाले की वर्तुळे बाहेरून स्पर्श करतात, २ झाले की आतून स्पर्श करतात, आणि २ ते २८ यांच्या दरम्यान नेहमी दोन बिंदूंत छेदतात. त्रिज्यांची बेरीज आणि वजाबाकी या दोन सीमांमध्ये केंद्रांतील अंतर असले पाहिजे ही अट म्हणजे दोन त्रिज्या आणि केंद्रांतील अंतर मिळून त्रिकोण तयार झाला पाहिजे, हीच होय.

याच प्रश्नाचा एक सुंदर नियम आर्यभटांनी इ. स. ४९९ च्या आर्यभटीयातील गणितपादात दिला आहे. दोन वर्तुळे परस्परांत जितकी शिरतात त्या रुंदीला तेथे ग्रास म्हटले आहे, आणि सामाईक जीवेपासून प्रत्येक वर्तुळाच्या कमानीपर्यंतच्या उंचीला शर. प्रत्येक व्यासातून ग्रास वजा करावा, त्याला ग्रासाने गुणावे, आणि ग्रास वजा केलेल्या दोन्ही व्यासांच्या बेरजेने भागावे. येणारी उत्तरे परस्परांच्या वर्तुळांचे शर असतात. आपल्या उदाहरणात व्यास २६ आणि ३०, ग्रास १३ + १५ − १४ = १४. म्हणून (३० − १४) × १४ ÷ २८ = ८ हा लहान वर्तुळाचा शर आणि (२६ − १४) × १४ ÷ २८ = ६ हा मोठ्याचा. जीवा लहान वर्तुळाच्या केंद्रापासून ५ वर होती आणि १३ − ५ = ८; मोठ्याच्या केंद्रापासून ती ९ वर होती आणि १५ − ९ = ६. वर्गमूळ न काढता जीवेचे स्थान नेमके मिळाले. ग्रास हा शब्द आपल्याला ग्रहणातून परिचित आहे: चंद्राचे बिंब पृथ्वीच्या छायेत किती शिरले, हा दोन वर्तुळांच्या छेदाचाच प्रश्न आहे.

वर्तुळे छेदतच नसतील तर वजाबाकीतून आलेल्या रेषेचे काय? ती तरीही असते आणि अर्थपूर्ण असते. केंद्रांतील अंतर ५६ करा; वजाबाकीतून क्ष = २७.५ मिळते. ही रेषा दोन्ही वर्तुळांच्या बाहेर आहे, पण तिच्यावरच्या कोणत्याही बिंदूपासून दोन्ही वर्तुळांना काढलेले स्पर्शिकाखंड समान लांबीचे असतात. केंद्ररेषेवरचा बिंदू तपासा: २७.५² − १३² = ५८७.२५ आणि २८.५² − १५² = ५८७.२५. म्हणून वजाबाकीतून रेषा मिळाली एवढ्यावरून ‘वर्तुळे छेदतात’ असा निष्कर्ष काढू नये. अनेक उत्तरपत्रिकांत ही चूक मी पाहिली आहे. रेषा मिळाल्यावर केंद्रापासून तिचे अंतर त्रिज्येशी ताडून पाहणे ही पायरी गाळता येत नाही.

येथे एक खोल प्रश्न दडलेला आहे. अंतराची अट पूर्ण झाली म्हणजे छेदनबिंदू असतोच, हे कशावरून? युक्लिडच्या पहिल्या ग्रंथातील अगदी पहिल्या विधानात समभुज त्रिकोण काढण्यासाठी दोन समान वर्तुळे काढली जातात आणि ती छेदतात असे मानले जाते. परंतु त्याच्या गृहीतकांत ही हमी कोठेही नाही. समजा, आपल्या प्रतलात केवळ परिमेय सहनिर्देशकांचेच बिंदू आहेत. तेव्हा (०, ०) आणि (१, ०) केंद्रांची, १ त्रिज्येची दोन वर्तुळे परस्परांमधून आरपार जातील, पण भेटणार नाहीत, कारण त्यांच्या छेदनबिंदूत √३/२ येतो आणि तो त्या प्रतलात नाही. रेषेत अशा फटी नसतात हे स्वतंत्रपणे गृहीत धरावे लागते. १८७२ मध्ये डेडेकिंड यांनी वास्तव संख्यांचे सातत्य नेमके मांडले आणि १८९९ मध्ये हिल्बर्ट यांनी भूमितीची गृहीतके नव्याने रचून दाखवली, तेव्हा ही उणीव भरून निघाली. शाळेत हे शिकवले जात नाही आणि त्या वयात ते योग्यही आहे. पण आपल्यासारख्या जिज्ञासूने ते जाणून असावे.

अवकाशात हीच रीत एक मिती वर चढते. १३ त्रिज्येचा गोल केंद्रापासून ५ अंतरावरच्या प्रतलाने कापला, तर १२ त्रिज्येचे वर्तुळ मिळते. दोन गोलांची समीकरणे वजा केली की एक प्रतल मिळते, म्हणून दोन गोलांचा छेद वर्तुळ असतो. तिसरा गोल त्या वर्तुळाला दोन बिंदूंत छेदतो. उपग्रहांवरून स्थान ठरवताना हेच घडते, फक्त ग्राहकयंत्राच्या घड्याळातील चूक ही चौथी अज्ञात राशी असल्याने किमान चार उपग्रह लागतात. अवकाशातील रेषा आणि वर्तुळ मात्र सहसा भेटत नाहीत. ती भेटतात का हे पाहण्यासाठी रेषा वर्तुळाच्या प्रतलाला ज्या बिंदूत छेदते तो बिंदू काढावा आणि केंद्रापासून त्याचे अंतर त्रिज्येएवढे आहे का ते पाहावे.

प्रतल, रेषा आणि वर्तुळ हे तिन्ही एकत्र नांदताना पाहायचे असतील तर आकाशाकडे पाहावे. खगोलावर क्रांतिवृत्त (सूर्याचा भासमान वार्षिक मार्ग) आणि विषुववृत्त ही दोन मोठी वर्तुळे आहेत. त्यांच्या प्रतलांत सुमारे २३.४° चा कोन आहे. दोन्ही प्रतले खगोलाच्या केंद्रातून जातात, म्हणून त्यांचा छेद केंद्रातून जाणारी रेषा असतो आणि ती रेषा खगोलाला समोरासमोरच्या दोन बिंदूंत छेदते. ते बिंदू म्हणजे वसंतसंपात आणि शरदसंपात; संपात या शब्दाचा येथे अर्थच छेद असा आहे. चंद्राच्या कक्षेचे प्रतल क्रांतिवृत्ताच्या प्रतलाशी सुमारे ५.१° चा कोन करते आणि त्या छेदरेषेची दोन टोके म्हणजे राहू आणि केतू. अमावास्या किंवा पौर्णिमा या टोकांच्या जवळ आली तरच ग्रहण होते, आणि दर महिन्याला ग्रहण का होत नाही याचे उत्तर दोन प्रतलांच्या छेदरेषेत आहे. मघाशी म्हटल्याप्रमाणे अवकाशातील दोन वर्तुळे सहसा भेटत नाहीत; ही मोठी वर्तुळे हमखास भेटतात ती केवळ त्यांचे केंद्र आणि त्रिज्या सामाईक असल्यामुळे.

कंपास आणि मोजपट्टीच्या रचनांविषयी एक गोष्ट येथे जोडतो. नवा बिंदू मिळवण्याचे मार्ग तीनच असतात: रेषा-रेषा, रेषा-वर्तुळ आणि वर्तुळ-वर्तुळ. पहिल्यात केवळ बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार लागतात. दुसऱ्यात एक वर्गमूळ. आणि तिसरा, वजाबाकीमुळे, दुसऱ्यासारखाच. म्हणून अशा रचनांत घनमूळ कधीच हाती लागत नाही. वाँझेल यांनी १८३७ मध्ये याच आधारे सिद्ध केले की प्रत्येक कोनाला लागू पडेल अशा रीतीने त्याचे तीन समान भाग करणे किंवा घनाच्या दुप्पट घनफळाचा घन काढणे या साधनांनी शक्य नाही.

शेवटी, वजाबाकीच्या रीतीची ताकद दाखवणारे एक उदाहरण देतो, ते स्वतः काढून पाहावे. कागदावर अशी तीन वर्तुळे काढा की प्रत्येक जोडी छेदेल आणि केंद्रे एका रेषेत नसतील. तीन जोड्यांच्या तीन सामाईक जीवा वाढवल्या की त्यांच्या रेषा एकाच बिंदूतून जातात. कारण पहिल्यातून दुसरे, दुसऱ्यातून तिसरे आणि तिसऱ्यातून पहिले समीकरण वजा केले, तर तिन्ही वजाबाक्यांची बेरीज शून्य होते. म्हणून पहिल्या दोन रेषांवरचा बिंदू तिसऱ्या रेषेवर असावाच लागतो. तिन्ही वर्तुळांचा एक सामाईक भाग असेल आणि हा बिंदू त्यात पडत असेल, तर हेच अवकाशातून पाहता येते. प्रत्येक वर्तुळाच्या जागी त्याच केंद्राचा आणि त्याच त्रिज्येचा गोल कल्पावा. दोन गोलांचा छेद म्हणजे कागदाला लंब उभे राहिलेले वर्तुळ, आणि वरून पाहता ते नेमके सामाईक जीवेसारखे दिसते. तीन गोल दोन बिंदूंत भेटतात, एक कागदाच्या वर आणि दुसरा बरोबर त्याच्या खाली. तिन्ही उभी वर्तुळे त्या दोन बिंदूंतून जातात, म्हणून वरून पाहताना तिन्ही जीवा एका बिंदूत मिळालेल्या दिसतात. तो बिंदू तिन्ही वर्तुळांच्या बाहेर पडला, तर तेथून तिन्हींना काढलेले स्पर्शिकाखंड समान असतात, आणि तेवढ्या त्रिज्येने त्या बिंदूभोवती काढलेले वर्तुळ तिन्ही वर्तुळांना काटकोनात छेदते.